ठिगळ दिसू द्या

ज्येष्ठ अमावास्या जवळ आली की धारवाडच्या बाजारात मातीचे बैल येतात. सुभाष रोड म्हणजे गावातली भर बाजारपेठ. कापडाची दुकानं, शिंपी, वह्या-पुस्तकं. १९३३ साली सुरू झालेली मनोहर ग्रंथमाला ही कन्नड प्रकाशनसंस्थाही याच रस्त्यावरची. अमावास्येच्या आधी बाजाराच्या कडेला गोणपाट पसरून कुंभार बसतात आणि पुढ्यात बैलांच्या जोड्या मांडतात. माती कच्चीच, भट्टी न पाहिलेली. शिंगं एकसारखी नाहीत, वशिंडावर अंगठ्याचा ठसा तसाच राहिलेला, एखाद्याची मान जरा वाकडी. घेणाराही फार निवडत बसत नाही. जोडी घरी जाते, पूजा होते, नैवेद्य दाखवला जातो. कन्नडमध्ये हा सण मण्णेत्तिन अमावास्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला आपला बेंदूर आठवेल.

दुसऱ्या दिवशीची गंमत मात्र खास इकडची. पोरं त्यातल्या एका बैलाचा पाय मोडतात आणि तो लंगडा बैल घेऊन, जोंधळे वाढा म्हणत दारोदार हिंडतात. जमलेल्या धान्याचं काहीतरी रांधून खायचं आणि बैल तळ्यात किंवा ओढ्यात सोडायचा. धडधाकट बैल देवघरात, मिरवायला मात्र लंगडा. हे कुणी कुणाला समजावून सांगितलेलं नाही. पोरांना ते आपोआप कळतं.

अपुरेपणात आणि न टिकण्यात सौंदर्य पाहणारा जपानी विचार आज ‘वाबी-साबी’ या नावाने जगभर खपतो. घरसजावटीची पुस्तकं, महागडे कॉफीचे कप, मनःशांतीची शिबिरं, सगळीकडे तो आहे. त्यातून एक सोपा समज पसरला आहे की जे मोडकं, तेच सुंदर. मला तो पटत नाही. वस्तू कशी घडते आणि कशी दुरुस्त होते हे हाताजवळून पाहिलं, तर निराळीच गोष्ट दिसते. ती पाहायला क्योतोला जायची गरज नाही. धारवाडचा बाजार आणि आसपासचे तालुके पुरेत.

आधी मातीच घेऊ. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. वाळताना ते निघून जातं, कण एकमेकांजवळ सरकतात आणि वस्तू आक्रसते. बैलाची शिंगं, कान बारीक, ते लवकर वाळतात. पोट जाड, ते वेळ घेतं. एकाच अंगाचे दोन भाग वेगवेगळ्या गतीने आक्रसले की सांध्याला चीर पडते. म्हणून शिंग चिकटवण्याआधी दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचा. एवढं करूनही काहींना चीर जातेच.

भट्टीत गेलेली माती पुन्हा चिखल होत नाही. आच पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेली की मातीच्या रचनेत बांधलेलं पाणीही सुटतं आणि ती कायमची बदलते. फुटलेल्या मडक्याची खापरं हजारो वर्षं टिकतात ती याच कारणाने. बैल भाजत नाहीत, कारण तो ठेवायचा नसतो. तळ्यातून आलेली माती तळ्यात परत जाते. इथे न टिकणं हा वस्तूचा दोष नाही, तो तिच्या घडणीचाच भाग आहे.

वापराची भांडी भाजावी लागतात, तिथे हिशेब बदलतो. बेळगाव जिल्ह्यातला मराठीबहुल खानापूर तालुका तांबड्या मातीच्या भांड्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेला. खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथे आहे. चाकावर घडवलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूने हात फिरवा. बोटांच्या रेघा तळापासून काठापर्यंत चढत गेलेल्या लागतात. चाक फिरत असताना कुंभाराची बोटं वर किती वेगाने सरकली, त्याची ती नोंद. पुसायला वेळ नव्हता, कारण पुढचा गोळा चाकावर चढवायचा होता.

जपानच्या चहा-परंपरेतला अत्यंत मानाचा वाडगा असाच घाईत झालेला आहे. त्याचं नाव किझाएमोन इदो. कोरियातल्या कुणा निनावी कुंभाराने सोळाव्या शतकात केलेला, साध्या माणसाचा रोजच्या जेवणातला वाडगा असं त्याच्याबद्दल मानतात. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातल्या कोहोआन या उपमंदिरात जपलेला आहे. चहाचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या काळात चीनहून येणाऱ्या गुळगुळीत, निर्दोष भांड्यांपेक्षा अशी खडबडीत भांडी रसिकांना आवडू लागली होती. १९३१ साली यानागी सोएत्सु या कलाविचारवंताने हा वाडगा हातात घेतला आणि त्याच्यावर लिहिलं. हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभार मित्रांबरोबर लोककलेची चळवळ उभी करणारा हाच तो माणूस. १९३६ साली तोक्योत त्याने लोककलेचं संग्रहालयही उघडलं. त्याचं म्हणणं असं: कुंभाराने सौंदर्य साधायचा प्रयत्न केला नव्हता आणि दोष साधायचा तर मुळीच नव्हता. त्याला वाडगे करायचे होते. पुढे जपानमध्येच चहासाठी मुद्दाम वाकडे, मुद्दाम खडबडीत वाडगे घडवायची रीत पडली, तेव्हा यानागीने तिच्यावर टीका केली. वाबी-साबीच्या नावाखाली कारखान्यात एकसारखे वाकडे काढलेले कप पाहिले की त्याची ती टीका आठवते.

आता कापड. हे जरा सावकाश पाहू, कारण माझ्या मते जपानी विचाराचं आपल्याकडचं सगळ्यांत जवळचं रूप वाकळीत आहे. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, धारवाडकडे कौदी. उत्तर कर्नाटकात कौद्या शिवून देणाऱ्यांत गोंधळी समाजाच्या बायका पुष्कळ, आणि त्यांच्या घरात मराठी बोलली जाते. त्यात नवल नाही. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे ज्या गावात कन्नडचे वरकवी झाले, ते हे गाव. ओसरीवर बैठक मारायची, कापड घरधनिणीचं, सुई आणि हात आपला.

कापड जुनं आणि सुती हवं. या भागात पूर्वी ते बहुधा इरकल लुगडंच असायचं. वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ गेलेली, सूत मऊ पडलेलं. नवीन कापड चालत नाही. ते ताठ असतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाच्या वाकळीचा गाभा तयार. विरलेला भाग कुठे येतो ते पाहून घडी सरकवायची, म्हणजे दोन थरांची भोकं एकावर एक येत नाहीत. ऊब कापडाच्या जाडीने येत नाही. थरांच्या मधे अडकलेल्या हवेने येते, म्हणून एका जाड चादरीपेक्षा चार विरलेले थर बरे.

मग ठिगळं. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या, फाटलेल्या झंपरच्या बाह्या, सदऱ्याची पाठ, खणाचा तुकडा. जिथे गाभा विरलाय तिथे ठिगळ आधी पडतं. रंगसंगतीचा विचार त्याच्यामागून येतो. नजर तयार असलेली बाई लाल तुकडा दोन ठिकाणी लांब लांब टाकते आणि मधे काय येईल ते शिवता शिवता ठरवते. आधी काढलेला आराखडा नसतो. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी बायका ही पद्धत आणखी पुढे नेतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा हा समाज कोकणी, मराठी, कन्नड अशा मिसळत्या बोलीत वावरतो. सिद्दी बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते, कडेकडेने ठिगळं लावत शिवत जाते आणि गोल फिरत मध्यावर येऊन थांबते. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक रचून फूल काढायचं. फुलाशिवाय कौदी उघडी राहिली असं त्या मानतात. पोटाला चिमटा काढून चिंध्यांची पांघरुणं शिवणारी माणसंही कोपऱ्यावर फूल मागतात, हे ‘गरिबीतलं सौंदर्य’ वगैरे गळे काढण्याआधी लक्षात घ्यावं.

शिवण म्हणाल तर साधा धावदोरा. मोठी सुई, जाड सुती दोरा. बाई कापडावरच बसते, तिच्या वजनाने थर सरकत नाहीत. सुईवर तीन-चार टाके गोळा करायचे आणि मग दोरा ओढायचा. ओढ जास्त झाली तर कापड चुरगळून गोळा होतं, म्हणून थोडं शिवलं की ओळीवरून अंगठा दाबून फिरवायचा. दोरा मोकळा होतो, कापड सपाट बसतं. उत्तर जपानमधल्या साशिको भरतकामातही नेमकी हीच अंगठ्याची क्रिया आहे. ओळीला ओळ लागून, बोटभर अंतराने, सगळी वाकळ भरायची. इतके टाके कशाला? जुनं कापड ताण सोसत नाही. टाके दाट असले की ताण हजार ठिकाणी वाटला जातो, आणि एक दोरा तुटला तरी बोटभर जागाच सैल पडते. मशीनवर हे जमत नाही. मशीनची सुई जवळजवळ भोकं पाडत जाते आणि विरलेलं कापड त्या रेघेवरच फाटतं.

हाताच्या टाक्यांची ओढ कधीच सारखी नसते. म्हणून वाकळीवर बारीक लाटा उठतात, आणि तीच तिची मऊ सुरकुती. पोटावर घेऊन झोपणाऱ्याला ती कळते. पुढे ठिगळ फाटलं की त्यावर नवं ठिगळ. सगळीच वाकळ जीर्ण झाली की ती दुसऱ्या वाकळीच्या पोटात गाभा म्हणून जाते. त्यामुळे जुन्या वाकळीचं वय सांगता येत नाही. वरचा थर नातीच्या फ्रॉकचा आणि आतला पणजीच्या लुगड्याचा.

जपानमध्ये याच्या शेजारी ठेवावी अशी वस्तू म्हणजे बोरो. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरीत, थंडीमुळे कापूस पिकत नाही. शेतकरी अंबाडीसारख्या झाडाच्या खरबरीत धाग्याचे कपडे घालत. सुती चिंध्या जहाजाने पश्चिम किनाऱ्यावरून यायच्या, त्या विकत घेऊन, निळीत रंगवलेले तुकडे एकावर एक शिवून कपडे आणि पांघरुणं करत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर थर चढत. घरातल्या अशाच एका जुन्या जोडकापडावर बाळंतपणं व्हायची. नव्या जिवाचा पहिला स्पर्श घरातल्या सगळ्यांनी वापरलेल्या कापडाचा. आपल्याकडे तान्ह्याला नवं कापड लावत नाहीत, जुन्या लुगड्याचं दुपटं करतात. कारण दोन्हीकडे एकच: जुन्याइतकं मऊ काही नाही.

धारवाडची खरी ख्याती मात्र वाकळीसाठी नाही, कसुतीसाठी आहे, आणि ती अगदी उलट्या टोकाची. कसुतीत कापडावर चित्र काढून घेत नाहीत. ताणा-बाण्याचे धागे मोजून टाका घालतात, गाठ मारत नाहीत, आणि गवंती, मुर्गी या टाक्यांत उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. एक धागा चुकला तर गोपूर वाकडं होतं आणि उसवावं लागतं. इथे चुकीला माफी नाही. गंमत अशी की आओमोरीच्या त्सुगारू भागातही बोरोच्या शेजारीच कोगिन नावाचं धागे मोजून करायचं भरतकाम वाढलं. एकच हात एका कापडावर धागे मोजतो आणि दुसऱ्यावर चिंध्या जोडतो. ज्याला बिनचूक टाका घालता येतो त्याचंच ठिगळ देखणं पडतं, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट फुटलेल्या भांड्याची. पंधराव्या शतकातला शोगुन आशिकागा योशिमासा याच्याबद्दल एक कथा सांगतात. त्याच्याकडचा हिरवट चिनी वाडगा तडकला, त्याने तसाच दुसरा मागवायला तो चीनला धाडला. असं भांडं आता होत नाही म्हणून तिकडून तोच वाडगा लोखंडी टाके मारून परत आला. तो टाके मारलेला वाडगा आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे जपानी कारागिरांनी लोखंडाऐवजी लाख आणि सोनं वापरलं, तीच किन्त्सुगी.

ही लाख म्हणजे आपली बांगड्यांची लाख नव्हे. ती एका झाडाचा चीक, नाव उरुशी. झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. ज्याला बिब्बा उतलाय त्याला उरुशीबद्दल वेगळं सांगायला नको. कातडीवर कच्चा चीक लागला की तशीच खाज, तसेच फोड. म्हणून कारागीर हातमोजे घालतात.

काम असं चालतं. खापरांच्या कडा स्वच्छ करून किंचित घासायच्या आणि त्यांवर चिकाचा पातळ हात द्यायचा. गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात चीक घालायचा, तार सुटेपर्यंत घोटायचं. ही खळ कडांना लावून, थोडी चिकट होऊ देऊन तुकडे दाबून बसवायचे आणि बांधून ठेवायचे. आता खरी मौज. उरुशी वाळत नाही, ती दमट हवेत घट्ट होते. चिकातलं एक विकर हवेतली ओल आणि प्राणवायू घेऊन त्याचं कडक, पाण्याला न जुमानणारं कवच करतं. त्यासाठी हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा आणि वीस ते तीस अंशांची ऊब लागते. जपानी कारागीर त्यासाठी लाकडी पेटीत ओली फडकी ठेवतात. धारवाडच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, ती पेटी बाहेरच तयार असते.

एक-दोन आठवड्यांनी सांधा धरला की बाहेर आलेला चीक खरवडायचा. जिथे टवका उडालाय तिथे बारीक मातीची भुकटी चिकात कालवून भरायची, घट्ट झाल्यावर पाण्याखाली घासून सपाट करायची. त्यावर काळ्या चिकाची रेघ, पुन्हा पेटीत. शेवटी लाल चिकाची अगदी पातळ रेघ, आणि ती बोटाला जेमतेम चिकटेल अशा वेळी सोन्याची भुकटी कुंचल्याने झटकायची. सोनं लागतं चिमूटभर. वेळ लागतो महिने. बाजारात मिळणाऱ्या संचात बहुधा इपॉक्सी गोंद आणि पितळेची भुकटी असते. शोभेच्या वस्तूला ती ठीक, पण त्या कपात चहा पिऊ नये.

या सगळ्यात सुंदर काय आहे? तडा नव्हे, तडा कुणालाही पाडता येतो. कुणीतरी ही वस्तू टाकून दिली नाही आणि ती टिकवायला जे केलं ते लपवलं नाही, हे डोळ्यांना दिसतं. बैलाच्या बाबतीत उलट: तो टिकवायचा नाही हेही लपवलेलं नाही. दोन्हीकडे वस्तू जे आहे ते सांगते.

आणि एक कटू गोष्टही सांगायला हवी. आओमोरीच्या तानाका चुझाबुरो यांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतून बोरो गोळा केले, तेव्हा ज्यांच्या घरात ते होते त्यांना त्यांची लाज वाटायची. आज तेच कपडे काचेच्या कपाटात आणि लिलावात आहेत. आपल्याकडेही ठिगळाचं लुगडं कुणी हौसेने नेसलेलं नाही. हलाखीत शिवलेल्या गोष्टीत सौंदर्य होतं हे खरं, पण ते पाहणाऱ्याने शिवणाऱ्याची मजुरी आधी मोजावी.

तेव्हा घरात जुनी सुती लुगडी पडून असतील तर पावसाळा लागण्याआधी बाहेर काढा. धुऊन खळ पूर्ण काढा, कडक उन्हात वाळवा. पॉलिस्टर मिसळू नका. ते घाम शोषत नाही आणि थरांत घसरतं. शिवणारी मिळाली तर मजुरी नगावर ठरवू नका, दिवसावर ठरवा; नगावर ठरली की टाके लांब पडतात. आणि कुठलं ठिगळ कुठे लावायचं, ते तिच्यावर सोडा.